झाकण

वीस वर्षं मी मदुराईत सोनं गाळलं.
सोनारांच्या दुकानातली झाडलोट पोत्यानं विकत घ्यायची,
जाळायची, धुवायची, मुशीत घालायची,
तळाशी हरभऱ्याएवढा गोळा उरला
की दिवस भरला.
कचऱ्याला आम्ही कधी कचरा म्हटलं नाही.

तरी लेंगऱ्यात, स्वतःच्या परड्यात,
त्या दोन हात रुंद झाकणापाशी
सकाळपासून पहार घेऊन उभा होतो
आणि हात पुढं जात नव्हता.

दोन खड्डे. मधे चेंबर. चेंबरात एक वीट.
वीट इकडची तिकडं सरकवली
की घराची वाट बदलते.
झाकणावर पोरीनं ऑइलपेंटनं लिहिलेलं :
बंद. पाडवा.
'पा'चा काना लांबच्या लांब गेलेला.
तेव्हा ती चौथीत होती. आता सहावीत.

आबा ओट्यावरनं म्हणाले, विट्याचा टँकर बोलव.
टँकर कुठं रिकामा होतो ते आबांनाही ठाऊक :
रात्री, वीटभट्टीमागं, येरळेला मिळणाऱ्या ओढ्यात.
नाहीतर जमनाला सांगावा धाड, म्हणाले,
त्यांच्यात असतंय ते.

सांगावा मी धाडला. लपवत नाही.

जमनामावशी आली. इस्त्रीचं लुगडं,
नगरपालिकेची पेन्शन, डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन.
पहारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
म्हणाली, खुर्ची आण.
दमली असेल, असं वाटलं.
खुर्ची तिनं खड्ड्याच्या काठाशी ओढली, बसली,
पदर सारखा केला.
"हं. काढ आता."

कुणाला म्हणतेय, हे कळायला मला वेळ लागला.

रुमाल बांधला होता नाकाला. उगाचच.
खाली चहाच्या वाळल्या चोथ्यासारखं,
काळपट, भुसभुशीत.
वास असलाच तर कणगीच्या बुडाला येतो तेवढा.
एक काचेची गोटी निघाली.
गोळ्यांचं चंदेरी पाकीट निघालं, बीपीच्या, आईच्या.
आई जाऊन तीन वर्षं झाली.
फावडं मी जरा हळू चालवलं.

मुशीत जे अर्ध्या तासात करायचो, भाता मारत, डोळे जाळत,
ते इथं कुणी आच न लावता
होत राहिलं होतं
आमच्या झोपेच्या पलीकडं, दोन वर्षं, गुपचूप.
सोनखत म्हणतात ह्याला आपल्यात, जुना शब्द.
शब्दात सोनं घातलं
आणि टोपलीखाली माणूस.
कस लावून कुणी बघितला नाही.

मावशीनं चिमूटभर मागितलं. तळव्यावर चोळलं.
बोटं पुन्हा पुन्हा फिरत राहिली.
"आई माझी मिरजेत टोपली वाहायची.
गळायची ती, मानेवरनं पाठीत.
तवा ह्याला कुणी दोन वर्षं दिली असती ना..."
पुढचं बोललीच नाही.
हात पुढं केला : "साबण."

डाळिंबाच्या बुडाशी आळं करून घातलं, वर माती ओढली.
मेथीच्या वाफ्याला नाही, मावशीनं दोनदा बजावलं,
आणि पिवळ्या कॅनमधलं मूत
एकाला दहा पाणी, मुळाशी, पानावर थेंब नको.
आबा ती डाळिंबं खात नाहीत.
आत्याला कराडला मात्र पेटी भरून धाडतात,
काही न सांगता.

निघताना मावशी म्हणाली,
"एक पोतं घरी पोचव. कुंड्या हायत माझ्या.
मी उचलणार नाही."

गाडी पंक्चर होती.
पोतं डोक्यावर घेतलं, चावडीवरनं निघालो,
सोसायटीपुढनं, स्टँडच्या मागं, तिच्या दारापर्यंत.
काय रं नेतोयस?
पहिल्याला म्हटलं, माती.
दुसऱ्याला खरं सांगितलं.
तो बाजूला सरला.

पोतं गळत नव्हतं.
तरी मानेवरनं काहीतरी उतरत होतं,
आणि ते घामच होतं, माझाच,
असं मी चालता चालता हात लावून बघितलं.